रुक्का वाचणारे घरात कोण?

गेल्या वर्षी आमच्या पुतणीचा निकाह ठरला. रुक्का छापायला टाकला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. प्रूफ व्हॉट्सॲपवर आले. घरात सगळ्यांनी पाहिले, "माशाअल्लाह, छान" म्हटले आणि छापायला सांगितले. रुक्क्यांचा गठ्ठा घरी आला, तेव्हा दादीअम्मांनी चष्मा लावून एक हातात घेतला आणि विचारले, "बेटा, ये दुल्हन का नाम है या हिज्जे?"

आम्ही पुन्हा पाहिले. वरचे बिस्मिल्लाह सुबक होते, कारण ते तयार चित्र होते. खाली मात्र नावातले एकेक अक्षर सुटे पडलेले, आणि तेही उजवीकडून डावीकडे नव्हे, डावीकडून उजवीकडे. वाचायला गेले तर काहीच अर्थ लागेना. छापणाऱ्याला उर्दू येत नव्हते, त्याचा दोष तो किती? प्रूफ पास केले आम्ही. शाळेत उर्दू शिकवणाऱ्या आम्हीसुद्धा फोनच्या पडद्यावर रंग पाहिले, वेलबुट्टी पाहिली. अक्षरे पाहिली नाहीत.

हीच चूक मराठी बाजूला झाली असती तर? 'निमंत्रण'ची वेलांटी सरकून 'नमिंत्रण' छापले गेले असते, तर घरातल्या चौथीतल्या मुलानेही बोट ठेवले असते. उर्दू बाजूची चूक पकडायला मात्र घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे डोळे लागले. आम्हाला खरी बोच लागली ती याची.

असे का होते, हे समजून घेणे अवघड नाही. उर्दूचे अक्षर एकटे राहत नाही. 'बे' शब्दाच्या सुरुवातीला वेगळी दिसते, मध्ये वेगळी, शेवटी वेगळी. शेजारी कोण आहे त्यावरही तिचे वळण बदलते. शिवाय आपण ज्याला उर्दूचे खरे वळण मानतो त्या नस्तालीकमध्ये शब्द सरळ रेषेत बसत नाही, वरून खाली उतरत येतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला उर्दू लिपीची ही रीत माहीत नसेल, तर ते अक्षरे जोडत नाही, एकापुढे एक मांडून मोकळे होते. नुक्त्याची जागा चुकली तर आणखी पंचाईत. 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा.

म्हणून तर शिशाच्या खिळ्यांनी नस्तालीक कधी नीट छापता आले नाही. मराठीचे खिळे ओतले गेले, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी टायपाने नाव कमावले. उर्दू मात्र कातिबाच्या कलमावर आणि शिळाछापावर जगत राहिली. कातिब पानच्या पान हाताने लिहीत, आणि तेच छापले जाई. १९८१ साली पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेल्या हजारो जोडशब्दांतून 'नूरी नस्तालीक' संगणकावर आले. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीचे 'इनपेज' आले आणि गावोगावच्या छापखान्यांत उर्दू टाइप होऊ लागली. कातिबांचे काम गेले. चेन्नईचे १९२७ सालचे 'द मुसलमान' हे दैनिक मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे हाताने लिहूनच निघत राहिले.

आता अडचण साधनांची राहिलेली नाही. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट फुकट मिळतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'बलू' नावाचा ठसठशीत फॉन्ट केला, त्यात मराठीचे अक्षर आहे आणि त्याच घराण्यातल्या उर्दूच्या भावंडाचे नाव आहे 'बलू भाईजान'. मराठी आणि उर्दू एका वळणाची, एका वजनाची हवी असेल तर तीही सोय झाली आहे. उणीव आहे ती वाचून पाहणाऱ्याची.

आणि आपण तर नाशिककर. १९२८ पासून नाशिकरोडला नोटा छापल्या जातात. त्याआधी त्या इंग्लंडहून छापून येत. खिशातली कोणतीही नोट काढून तिची मागची बाजू पाहा. भाषांच्या पट्टीत पंधरा ओळी आहेत, इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्ये. उर्दू पंधरावी, शेवटची. बारीक आहे, पण जोडलेली, नुक्त्यांसकट, वाचता येणारी. एवढ्याशा जागेत पंधरा भाषांचा मान राखता येतो, तर हातभर लांब रुक्क्यावर दोन भाषांचा का राखता येऊ नये?

आम्ही आता घरात एक रीत पाडली आहे. उर्दू मजकूर छापायचा असेल तर प्रूफ फोनवर नाही, कागदावर मागवायचे. ओळ उजवीकडून सुरू होते का, शब्दातली अक्षरे जोडलेली आहेत का, नुक्ते जागेवर आहेत का, हे बघायचे. नवरा-नवरीची आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावे कुणीतरी मोठ्याने वाचायची. आणि वाचणारा शक्यतो लहान असावा, शेजारी मोठा बसलेला असावा.

पुतणीचे रुक्के पुन्हा छापायला वेळ नव्हता. दादीअम्मांनी जवळच्या नातेवाइकांच्या रुक्क्यांवर तुटक्या नावाखाली पेनाने स्वतः नाव लिहिले. हात थरथरत होता, तरी एकही नुक्ता चुकला नाही. मुले भोवती बसून पाहत होती. त्यातल्या धाकट्याने विचारले, "दादी, माझे नाव कसे लिहायचे?" त्या संध्याकाळपासून मगरिबनंतर वीस मिनिटे त्यांचा अलिफ-बेचा तास चालतो. आम्ही शिक्षक असूनही हे आमच्या हातून आधी घडले नव्हते.

आज रात्री जेवणानंतर मुलांच्या हातात एक नोट द्या. आठवी ओळ ती झटकन वाचतील. पंधराव्या ओळीपाशी अडली, तर सुरुवात कुठून करायची ते आपल्याला कळेल.