रोहित पाहायला निघताय? आधी तिथी बघा!

"बाई, तुम्ही स्वतः पाहिलाय का हो रोहित पक्षी?"

सातवीतल्या एका मुलीनं भर वर्गात हा प्रश्न विचारला आणि मी उगीचच टेबलावर खडू शोधू लागले. मैत्रिणींनो, मी इथे गंगाखेडला एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा विषय निघाला, की 'रोहित ऊर्फ अग्निपंख हा पक्षी थंडीत सैबेरियातून मुंबईच्या खाडीत येतो' हे वाक्य मी फळ्यावर लिहीत आले. किती वर्षं, ते विचारू नका. पक्षी मात्र पाहिला होता तो चित्रातच.

घरी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "पक्षी बघायला एवढ्या लांब? आपल्या नदीवर बगळे काय कमी आहेत?" मी गप्प बसले. पण सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "माघात मला लेकीकडे जायचंच आहे. तेव्हाच सगळे जाऊ." झालं! नांदेड-पनवेल गाडीची तिकिटं काढली, आणि मी, हे, सासूबाई व आमचा धाकटा अशी आमची वरात कोपरखैरण्याला वन्संच्या घरी जाऊन धडकली. तिथून ऐरोली लोकलनं अवघी तीन स्टेशनं.

ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाण्याच्या खाडीचा १६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमधल्या एकीचा मान मिळाला. या केंद्रातून बोटीनं खाडीत नेऊन, सोबत माहिती देणारं माणूस देऊन पक्षी दाखवतात. जागा आधी राखून ठेवावी लागते. ते काम भाच्यानं केलं होतं. सकाळी साडेसातची वेळ मिळाली होती.

आणि ती आम्ही चुकवली! दोष कुणाला देणार? वन्संनी माहेरची माणसं आली म्हणून पहाटे उठून पोहे केले, मग शिरा केला, मग "आईला चहा परत करते" झालं. आम्ही पोहोचलो तेव्हा बोट निघून गेली होती. मी म्हटलं, अर्ध्या तासानं दुसरी असेल. तर धक्क्यावरचे एक वयस्कर कोळीदादा हसले. म्हणाले, "बाई, ही काय एस. टी. आहे? पाणी उतराया लागलं. आता बोट घातली तर गाळात बसंल."

बोटीची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते, हे मला तेव्हा कळलं. खाडी उथळ. भरती असली तरच बोटीला पाणी पुरतं. भरती पूर्ण असली, की पक्ष्यांच्या चरायच्या गाळाच्या जमिनी पाण्याखाली जातात आणि थवे आतल्या तळ्यांवर जाऊन बसतात. पाणी उतरू लागून गाळ उघडा पडायला लागला, की ते चरायला खाडीत परततात. बोटीला पुरेसं पाणी आहे आणि पक्षीही आलेत, अशी मधली थोडकी वेळ साधायची असते. ती दर दिवशी साधारण पाऊण तासानं पुढे सरकते.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. मी त्या दादांना विचारलं, तुम्हाला ही वेळ कळते कशी? म्हणाले, "तिथीवरनं." तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत पाणी चढतंही खूप, त्याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, ती भांगाची भरती. हा अर्थात अंदाज. थोडाफार फरक पडतो, म्हणून केंद्राकडून वेळ विचारून घ्यायचीच.

ऐकता ऐकता सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आज दशमी, साडेसात. उद्या एकादशी, सव्वाआठ." दादांनी त्यांना हात जोडले! खरंच, मैत्रिणींनो, चतुर्थी कधी, एकादशी कधी, हे आपल्याइतकं कुणाला तोंडपाठ असतं? भिंतीवरचं कालनिर्णय आपण उपासासाठी आणि दुधाच्या हिशेबासाठी बघतो. त्यात समुद्राचं वेळापत्रक दडलेलं आहे, हे मी बी. ए.ला भूगोल घेऊनही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसासाठी कुणीतरी जागा सोडल्या होत्या, म्हणून आमची सोय झाली. पहिल्या दिवसाचे पैसे गेले ते गेलेच. ह्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा बोलले नाहीत, कारण तोवर बोट निघाली होती.

दोन्ही बाजूंना तिवरांची गर्द झाडी, चिखलातून वर आलेली त्यांची श्वास घेणारी मुळं, एका खुंटावर बसलेला खंड्या. सासूबाईंनी नऊवारीवर लाइफ जॅकेट घातलं होतं आणि त्या ऐटीत बसल्या होत्या. माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. आधी तिनं राखी बगळा दाखवला, मग काळ्या-पांढऱ्या शेकाट्यांचा घोळका, पाण्यावर तरंगणारे कुरव. मला आपले सगळे 'पाणपक्षी'. तिच्या बोटामागे डोळे नेल्यावर एकेक वेगळा होऊ लागला. आणि मग वळणापलीकडे गाळावर एक फिकट गुलाबी रेघ दिसली. मी म्हटलं, हे काय आहे? ती म्हणाली, "तेच."

हजारो असावेत. माना खाली घालून सगळे चरत होते, आणि तो कुजबुजल्यासारखा एकसारखा आवाज. एक थवा उठला तेव्हा पंखांच्या आतला लाल आणि काळा रंग असा उघडला, की धाकटा उभाच राहिला. बोटवाल्यानं त्याला हळूच खाली बसवलं. इंजिन बंद केलेलं होतं. आणखी जवळ जा म्हणून बोटीतल्या एका गृहस्थांनी आग्रह धरला, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, ते उडाले की त्यांचं जेवण मोडतं. लांबच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते." काका गप्प. मला ते फार बरं वाटलं. जेवत्या पानावरून उठवू नये, ही आपल्याकडली रीतच आहे की.

मग मी आपलं ज्ञान पाजळलं. "हे सैबेरियातून येतात ना?"

"नाही ताई," ती म्हणाली. "बहुतेक जण तसंच म्हणतात. पण हे मुख्यतः गुजरातेतून येतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते." बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं २०२२ साली काही रोहितांच्या अंगावर माग काढणारी यंत्रं बसवली होती, आणि इथून उठलेले पक्षी गुजरातेत गेलेले दिसले. सैबेरिया आणि मध्य आशियाकडून येतात ते खाडीतले दुसरे छोटे पाणपक्षी, चिखलात चोच खुपसत पळणारे. त्यांच्याकडे तर मी पाहिलंही नव्हतं.

हे माझ्याकडे बघून हसले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र फळा आला, आणि वहीत ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेणाऱ्या चार-पाच वर्षांतल्या सगळ्या मुली.

तिनं आणखीही बरंच सांगितलं. इथे दोन जातींचे रोहित येतात, थोरला आणि धाकटा. गर्दी असते ती धाकट्याची. २०१९ च्या गणनेत खाडीत एक लाखाहून अधिक रोहित मोजले गेले. ते गुलाबी जन्मत नाहीत, पिल्लं करडी असतात. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन रंग चढत जातो. चोच उलटी करून पाणी गाळून घेतात, आपण पीठ चाळतो तसं. वर्षाला एकच अंडं, तेही चिखलाच्या छोट्या ढिगावर. आणि पिल्लाला घशातून येणारं लाल दुधासारखं पोषण आई आणि बाप दोघंही पाजतात! पाजताना त्यांचा गुलाबी रंग फिका पडतो. यावर सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणात बाईचा रंग उतरतो हे ठाऊक होतं. पुरुषाचा उतरलेला आज पाहिला." बोटीतल्या सगळ्या बायका हसल्या. पुरुषांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी सांगते. रोहित साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत असतात, आणि गर्दी जानेवारीनंतर वाढते. लाल-पिवळं भडक नेसू नका, मातकट रंग बरा. बोटीवर स्वच्छतागृह नसतं, म्हणून केंद्रातच जाऊन या (हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहीत नाहीत, आणि आपल्याला तेवढंच विचारायचं असतं). टाचेच्या चपला घरी ठेवा. टोपी, पाणी न्या. शेंगदाण्याचा लाडू बोटीवर न खाता नंतर खा. आणि सकाळची भरती असेल, तर घरच्या माऊलीला आदल्या रात्रीच सांगा, की उद्या फक्त चहा!

परतताना मी त्या कोळीदादांशी बोलले. त्यांच्या वडिलांच्या वेळी याच खाडीत जाळं भरून यायचं, आता मासळी राहिली नाही. कारखाने, सांडपाणी, भराव. रोहित मुंबईच्या खाडीत दिसू लागले ते १९९० नंतरच्या काळात. जाणकार म्हणतात, की सांडपाण्यामुळे वाढलेलं शेवाळही त्यांना इकडे ओढून आणत असावं. मासा गेला आणि पक्षी आला, असा हा उलटा हिशेब. दादांची मुलं आता बोट चालवतात. पक्षी येणं थांबलं तर ते काय करतील, हे मी विचारलं नाही.

कारण तशी चिन्हं आहेत. एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या तळ्याच्या परिसरात काही रोहित मेले. त्या तळ्यात खाडीचं पाणी येणं अडलं होतं. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ रोहित पडले. भरतीच्या वेळी टेकायची जागा बुजली, तर पक्षी जाणार कुठे? पुढे २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळानं त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. ती कागदावरून तळ्यापर्यंत पोहोचो.

आपल्याच किनाऱ्यावर बायकांनी चालवलेली सफरही आहे, बरं का. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. या घरसंसार करणाऱ्याच बायका. झाडांची, पक्ष्यांची माहिती शिकल्या आणि ती सांगायला लागल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवांचा महोत्सव असतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचं काम सुरू केलं. आता पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला माणसं येतात, आणि ती उतरतात गावातल्या घरांत. जेवण गावातल्या बायकांच्या हातचं, पैसेही त्यांच्याच हाती. कासवंसुद्धा कसली प्रवासी! ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताला वळसा घालून आली ती.

आणि कोकणापर्यंत जाणं जमणार नसेल, तर आपली गोदावरी आहे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथेही गावातले तरुण दुर्बीण घेऊन पक्षी दाखवतात. आम्हांला त्याहून जवळचं म्हणजे पैठणचं जायकवाडी अभयारण्य. तिथे थंडीत परदेशी बदकं येतात आणि काही वर्षी रोहितही उतरतात.

परत आल्यावर पहिल्याच तासाला मी सातवीत फळ्यावर 'सैबेरिया' लिहिलं आणि त्यावर काट मारली. मग मुख्याध्यापिकांची परवानगी काढून आठवीत आणि नववीतही जाऊन तेच केलं. नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही परीक्षेत तसंच लिहिलं होतं. तुम्ही मार्क दिले होते." दिले होते खरे. मी म्हटलं, ते राहू देत. मग त्या सातवीतल्या मुलीनं विचारलं, आपल्या घाटावर शेपटी हलवत फिरतो तो धोबी पक्षी तरी इथलाच ना? हे मात्र मी त्या गाईड मुलीकडून विचारून आले होते. नाही, तो पांढरा धोबीही थंडीतला पाहुणाच, हिमालय आणि त्यापलीकडचा. धुणं धुता धुता आपण ज्याला रोज हाकलतो, तो!

परवा वन्संचा फोन आला. खाडीपासून तीन स्टेशनांवर इतकी वर्षं राहून त्या अजून गेलेल्या नाहीत. आता सोसायटीतल्या आठजणींना घेऊन जायचंय म्हणाल्या, पण सकाळी डबे करून निघणं जमत नाही. सासूबाईंनी फोन हातात घेतला, भिंतीवरच्या कालनिर्णयकडे चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी षष्ठी आहे. दुपारी साडेचारला पाणी भरतंय. जेवणं आटपून निघा, पण केंद्रात फोन करून विचारा आधी. आणि हो, त्या दिवशी शिरा करत बसू नकोस."