कुत्र्याला शिकवताना

मुलांनो, सकाळी रस्त्याने जाताना तुम्ही ही गंमत पाहिली असेल. कुत्रा पुढे ओढत असतो आणि दोरी धरलेला माणूस धापा टाकत त्याच्या मागे पळत असतो. आपल्याला हसू येते. पण समजा, दोरी हातातून सुटली आणि समोरून ट्रक आला, तर? त्या वेळी कुत्र्याचा जीव एका शब्दावर अवलंबून असतो. तो शब्द म्हणजे 'थांब'. हा शब्द त्याला आधी शिकवलेला असेल, तरच तो थांबेल.

कुत्र्याला आपली भाषा येत नाही. मग तो शिकतो कसा? रशियातील शास्त्रज्ञ इवान पावलोव यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुत्र्यांवर प्रयोग केले. खाणे देण्यापूर्वी ते कुत्र्यांना एक ठरावीक आवाज ऐकवत. काही दिवसांनी खाणे समोर नसतानाही, नुसत्या आवाजाने कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. आवाज आणि खाणे यांची जोडी त्यांच्या मनात पक्की बसली होती. आपणही खाऊ देण्याआधी दर वेळी 'शाबास' म्हटले, तर तो शब्दच कुत्र्याला आवडू लागतो.

पहिला धडा 'बस'. चपातीचा लहानसा तुकडा पिल्लाच्या नाकाजवळ धरा. मग हात हळूच त्याच्या डोक्यावरून मागे न्या. तुकडा पाहण्यासाठी ते मान वर करील आणि आपोआप खाली बसेल. ते बसताच 'शाबास' म्हणा आणि तुकडा द्या. उशीर करू नका. ते उठल्यावर तुकडा दिला, तर उठण्याचेच बक्षीस मिळाले असे त्याला वाटेल. हे जमू लागले, की हात नेण्यापूर्वी 'बस' म्हणा.

पण भाईजान 'बस' म्हणतात, आपा 'बैठ' म्हणतात आणि उर्दूत तर 'बस' म्हणजे 'पुरे'! जेवताना अब्बा 'बस, बस' म्हणाले, तर बिचाऱ्या पिल्लाने काय करावे? म्हणून शब्द मराठी असो की उर्दू, घरातील सर्वांनी मिळून एकच शब्द ठरवावा.

दुसरा धडा 'थांब'. पिल्लू बसले, की त्याला तळहात दाखवून 'थांब' म्हणा. एकच पाऊल मागे जा, लगेच परत या आणि खाऊ द्या. जसे जमेल तसे एकेक पाऊल वाढवा. ते मध्येच उठले, तर रागावू नका. पुन्हा एका पावलापासून सुरुवात करा.

तिसरा धडा 'ये'. हाक मारल्यावर कुत्रा आला, की त्याचे कौतुक करा. उशिरा आला म्हणून मारले, तर 'ये' म्हणजे मार, असे तो समजेल. पुढच्या वेळी तो दूर पळेल.

आता रस्त्यावर चालण्याचा धडा. पिल्लाला बाहेर नेण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांकडून आवश्यक त्या लसी टोचून घ्या. गळ्यातील पट्ट्यात आपली दोन बोटे जातील, इतका तो सैल ठेवा. दोरी मनगटाला गुंडाळू नका. कुत्रा अचानक धावला तर हाताला इजा होते. कुत्रा ओढू लागला, की झाडासारखे उभे राहा. दोरी सैल झाली, की चालू लागा. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत जायलाही बराच वेळ लागेल. पण ओढल्याने वाट थांबते आणि जवळ राहिल्याने वाट मिळते, हे त्याला हळूहळू कळेल. दोरीला हिसके देऊ नका. त्याने मानेला इजा होते.

प्रत्येक धडा पाच मिनिटांचा असावा. दिवसातून दोन-तीन वेळा तो घ्यावा. हे धडे फक्त आपल्या घरच्या कुत्र्याला द्या; अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नका.

मार खाणारा कुत्रा शब्द शिकत नाही, माणसाला भ्यायला शिकतो. भ्यालेला कुत्रा चावूही शकतो. उलट, ज्याला प्रेमाने शिकवले आहे, तो आपल्या आवाजावर विश्वास ठेवतो. एखाद्या दिवशी दोरी सुटलीच, तर 'थांब' हा एक शब्द ऐकून तो रस्त्याच्या कडेलाच उभा राहील.