सिगारेट मागणारी मुलगी

अमेरिकेतलं पेट्रोल पंपाला लागून असलेलं एखादं दुकान डोळ्यांपुढे आणा. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आत येते, थेट काउंटरवर जाते आणि सिगारेटचं पाकीट मागते. बाहेर गाडीत एक प्रौढ माणूस मांडीवर कागद घेऊन बसलेला असतो. काउंटरवरच्या पोराने ओळखपत्र मागितलं आणि ‘मिळणार नाही’ म्हणून वाटेला लावलं, तर कागदावर एक खूण होते. मुकाट्याने पाकीट पुढे सरकवलं, तर दुसरी. मुलगी परत गाडीत बसते आणि गाडी यादीतल्या पुढच्या दुकानाकडे निघते.

या खुणांची बेरीज दरवर्षी वॉशिंग्टनला जाते. राज्याला व्यसनमुक्तीसाठी मिळणारं केंद्रीय अनुदान पूर्ण मिळणार की कापून, हे त्या बेरजेवर ठरतं. म्हणजे हेरॉइन सोडायला आलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या उपचाराचा पैसा हायवेवरच्या त्या काउंटरवर अडकलेला असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, आपण चुकून दोन वेगळ्या कायद्यांची पानं एकत्र वाचतोय. पण कायदा एकच होता.

ही करामत ओक्लाहोमाचे खासदार माइक सायनार यांची. १९९२ साली त्यांनी व्यसनमुक्ती अनुदानाच्या कायद्यात एक दुरुस्ती घुसवली. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला राज्याने बंदी घालायची आणि ती खरंच पाळली जाते का, हे दुकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, न सांगता जाऊन तपासायचं. नियम मोडणारी दुकानं शेकडा वीसच्या वर गेली, तर अनुदानातले ४० टक्क्यांपर्यंत पैसे कापले जाणार. तिथल्या घटनेप्रमाणे राज्याच्या यंत्रणेला ‘हे राबवा’ असा हुकूम केंद्राला सोडता येत नाही. थैलीची नाडी मात्र केंद्राच्या हातात असते. सायनारनी ती नाडी ओढली.

दुरुस्तीचे अंतिम नियम निघाले जानेवारी १९९६ मध्ये. त्याच महिन्यात मेंदूच्या गाठीने सायनार गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. १९९७ च्या आकड्यांत देशभर सरासरी ४०.१ टक्के दुकानदार मुलांना तंबाखू विकताना सापडत होते. पुढच्या पंधरा-एक वर्षांत हा आकडा दहाच्या खाली आला. आपल्याकडेही २००३ च्या कायद्याने टपरीवर अठरा वर्षांची पाटी लागली. त्या पाटीच्या खालीच उभं राहून दहावीतलं पोरगं सुटी सिगारेट घेतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाटी इथेही आहे आणि तिथेही. तिथे ती न पाळण्याची किंमत राज्याच्या तिजोरीला चिकटवली होती, एवढाच फरक.

यातला अन्यायही उघड आहे. दुकानदार चुकला, तर पैसे कापले जाणार उपचाराच्या रांगेत उभ्या असलेल्याचे, आणि त्या बिचाऱ्याने कुणालाच सिगारेट विकलेली नसते. म्हणून मग पळवाट निघाली: नापास राज्याने स्वतःच्या खिशातून तंबाखूविक्री रोखण्यावर जादा पैसा घालायचा आणि अनुदान वाचवायचं. २०१९ मध्ये तंबाखूविक्रीची वयोमर्यादा एकवीसवर नेताना कपातीची कमाल मर्यादाही १० टक्क्यांवर आणली.

सरकारी अनुदान म्हटलं की आपल्याला मंजुरी, हप्ता, मार्चअखेर आणि उपयोगिता प्रमाणपत्र आठवतं. किती कोटी, यावर बातमी होते. मला त्या कोटींपेक्षा पोटकलमांचं वेड लागलंय.

अमेरिकेतल्या त्या व्यसनमुक्ती अनुदानाची गोष्ट मागे १९६३ पर्यंत जाते. ३१ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्य केंद्रं बांधण्याच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या घरातच हा विषय होता. बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ साली, ती तेवीस वर्षांची असताना, लोबोटॉमीची शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून तिचं आयुष्य संस्थेच्या भिंतींआड गेलं. सही झाली त्या काळात देशात मनोरुग्णालयं ओसंडून वाहत होती. १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. नवी कल्पना अशी की पाऊण लाख ते दोन लाख वस्तीला एक केंद्र असावं. तिथे दाखल होण्याची सोय, बाह्यरुग्ण विभाग, तातडीची मदत, दिवसभर थांबून संध्याकाळी घरी जाण्याची सोय आणि आजूबाजूच्या लोकांना सल्ला व शिक्षण, अशा पाच सेवा मिळाव्यात. सही झाल्यावर बावीस दिवसांनी केनेडींचा खून झाला.

त्या कायद्यात पैसा होता तो बांधकामाला, तीन वर्षांसाठी १५ कोटी डॉलर. आत बसणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या पगाराला छदाम नव्हता! तो आला १९६५ साली, आणि तोही उतरत्या भांजणीने: पहिले पंधरा महिने पगाराचा ७५ टक्के भार केंद्राचा, मग वर्षाला ६०, ४५, ३० आणि शेवटी शून्य. तोवर केंद्र स्वतःच्या पायावर उभं राहील, असा हिशेब. उसाला पहिलं पाणी पाटाचं द्यावं आणि पुढे विहीर आपोआप लागेल म्हणावं, तसलाच. श्रीमंत वस्तीत विहीर लागली, गरीब वस्तीत नाही. दीड-दोन हजार केंद्रांचं स्वप्न होतं, जेमतेम निम्मी उभी राहिली. रुग्णालयं मात्र झपाट्याने रिकामी होत गेली. तिथून बाहेर पडलेली कितीतरी माणसं रस्त्यावर आणि तुरुंगांत दिसू लागली, त्याचं मूळ या न जुळलेल्या दोन वेळापत्रकांत बरंचसं सापडतं.

ऑक्टोबर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दुरुस्तीचा मोठा कायदा केला. त्यामागे त्यांच्या पत्नी रोझलिन यांची अनेक वर्षांची खटपट होती. वर्षाच्या आत रेगन सरकारने तो बहुतांशी रद्द केला, वेगवेगळी अनुदानं एका गाठोड्यात बांधली, रक्कम छाटली आणि गाठोडं राज्यांच्या हाती दिलं. यालाच ब्लॉक ग्रँट म्हणतात. तुमचं तुम्ही ठरवा, असा त्याचा अर्थ. १९९२ मध्ये त्या गाठोड्याची दोन झाली, एक मानसिक आरोग्याचं आणि एक व्यसनाधीनतेचं. ती सांभाळायला ‘सॅम्सा’ नावाची केंद्रीय संस्था निघाली. २०२३ च्या अंदाजपत्रकात पहिल्यात सुमारे एक अब्ज डॉलर होते आणि दुसऱ्यात दोन अब्ज.

हे अब्ज डॉलर राज्यांत वाटायचे कसे? कायद्यात चक्क दशांश अपूर्णांक लिहिलेत. मानसिक आरोग्याच्या अनुदानासाठी राज्यातल्या १८ ते २४ वयाच्या माणसांची संख्या गुणिले ०.१०७, २५ ते ४४ गुणिले ०.१६६, ४५ ते ६४ गुणिले ०.०९९, आणि ६५ च्या पुढे गुणिले ०.०८२. त्यांची बेरीज करायची, मग तिथे सेवा देणं किती महाग पडतं आणि राज्याची कर उभारण्याची ऐपत किती, हे त्यात मिसळायचं. ऐपत कमी, तर वाटा जास्त. संसदेने घासाघीस करून मंजूर केलेल्या कायद्यात ०.१६६ हा आकडा कलमासारखा ठाण मांडून बसलाय, याचं मला अजून हसू येतं. आणि त्या यादीत पुन्हा एकदा नजर फिरवा. अठराच्या खालचं कुणीच नाही. गंभीर भावनिक त्रास असलेल्या मुलांच्या सेवाही याच पैशातून चालतात, पण वाटणीच्या गणितात मूल म्हणजे शून्य.

गाठोडं मोकळं द्यायचं, पण त्यात काही पुड्या आधीच बांधून ठेवायच्या, ही रीत आपल्याला परकी नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाचे, ५ टक्के दिव्यांगांचे, हे ग्रामसभेला बसणाऱ्याला तोंडपाठ असतं. कुठे शिलाई यंत्रं वाटली जातात, कुठे पैसे पडून राहतात. अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती अनुदानात अशी एक पुडी प्रतिबंधाची आहे. किमान २० टक्के रक्कम अजून व्यसन न लागलेल्या माणसांवरच खर्च करायची. रांगेत आजारी उभे असताना धडधाकटांसाठी पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवणं राजकारण्याला सहज सुचत नाही. कायद्याने ते त्याच्याकडून करून घेतलं.

पण मला खरी भुरळ घातली ती दुसऱ्या पुडीने. कॉलेजात शिकणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. आधी झोप जाते, मग मित्र तुटतात, मग भिंतीपलीकडून कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं त्याला वाटू लागतं. हा सायकोसिसचा पहिला झटका. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २१ राज्यांतल्या ३४ दवाखान्यांत अशा ४०४ जणांचा अभ्यास केला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत गेलेला काळ मोजला, तर त्याचा मध्य निघाला ७४ आठवडे. म्हणजे निम्म्या जणांनी जवळजवळ दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ उपचाराविना काढला होता. शिवाय उपचार जितका लवकर सुरू झाला, तितका त्याचा गुण जास्त आला.

उपचार म्हणजे नुसती गोळी नव्हती. बेताच्या मात्रेत औषध, बोलून करायची थेरपी, घरच्यांना आजार समजावून सांगणं, आणि मुलाला शिक्षणाकडे किंवा कामाकडे परत नेणारा एक माणूस, असं सगळं पथक एकत्र येऊन काम करत होतं. अडचण या शेवटच्या माणसाचीच होती. तो मुलाबरोबर कॉलेजच्या कार्यालयात जाणार, बुडालेल्या सत्राचं काय करता येईल ते विचारणार, मुलाखतीच्या दिवशी बसस्टॉपपर्यंत सोबत करणार. विमा डॉक्टरचे पैसे देतो, गोळ्यांचे देतो. या चालण्याबोलण्याचं बिल कुठल्या नावाने लावायचं?

म्हणून निष्कर्ष हाती यायच्या आधीच, २०१४ मध्ये, संसदेने मानसिक आरोग्याच्या अनुदानातले ५ टक्के या आजाराच्या सुरुवातीच्या उपचारासाठी राखून ठेवायला लावले. २०१६ मध्ये त्याचे १० टक्के झाले. एक अब्जाचे दहा टक्के म्हणजे दहा कोटी डॉलर, आणि ते पन्नास राज्यांत वाटायचे. वॉशिंग्टनच्या हिशेबात ही चिल्लर. पण त्या चिल्लरीवर देशभर शेकड्याने पथकं उभी राहिली. पहिला झटका आलेल्या मुलांचा कुठे मोर्चा निघत नाही, त्यांची मतपेढी नसते; अनेकांना आपल्याला झटका आलाय हेच पटलेलं नसतं. त्यांच्या नावाने एक टक्केवारी लिहिली गेली आणि ज्याचं बिल लागत नव्हतं त्या कामाला पगार मिळाला: बसस्टॉपपर्यंत सोबत करण्याच्या.

व्यसनमुक्ती अनुदानाच्या नियमांत रांगेचाही क्रम ठरवून दिलाय. सर्वांत आधी सुईने नशा करणारी गरोदर बाई, मग नशा करणारी कुठलीही गरोदर बाई, मग सुईने नशा करणारे, मग बाकीचे. ही सवलत आहे हे लोकांना कळावं म्हणून राज्याने त्याचा प्रचारही करायचा. सुईवाल्यांसाठीच्या केंद्रात जागा नव्वद टक्के भरल्या, की सात दिवसांत राज्याला कळवायचं. सुईवाल्याने उपचार मागितला की चौदा दिवसांत दाखल करायचं. जागाच नसेल तर १२० दिवसांपर्यंत मुदत, पण तोवर वाऱ्यावर सोडायचं नाही. ४८ तासांच्या आत मधली मदत सुरू व्हायला हवी: एचआयव्ही आणि टीबीबद्दलचा सल्ला, गरोदर असेल तर गर्भावर काय परिणाम होतो ते सांगणं आणि बाळंतपणाच्या डॉक्टरकडे पाठवणं.

समजा, शुक्रवारी दुपारी साडेचारला अशा एका केंद्रात फोन वाजतो. पलीकडे पाचव्या महिन्यातली एक बाई आहे. खाट रिकामी नाही. फोन घेणारी कर्मचारी नाव, वेळ लिहून घेते, राज्याच्या कार्यालयाला कळवते आणि कॅलेंडरकडे बघते. अठ्ठेचाळीस तास संपतात रविवारी साडेचारला. ती पर्स परत टेबलावर ठेवते आणि बाळंतपणाचा कुठला दवाखाना शनिवारी उघडा असतो, ते शोधायला लागते.