निवासी डॉक्टरांचे तास आणि वर्षे

निवासी डॉक्टराने सामान्यतः सलग १२ तासांहून व आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने १९९२ साली लिहून ठेविले. त्या आदेशाची शाई वाळून तीन दशके लोटली. दरम्यान सार्वजनिक रुग्णालयांत ३६ तासांची सलग पाळी ही तक्रारीची बाब न राहता वहिवाट झाली. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत तर आकडाच नाही. कामाचे तास 'वाजवी' असावेत, एवढेच आहे. वाजवी कोणी ठरवावयाचे? ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३६ तासांच्या पाळ्यांना अमानुष म्हटले. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचविली. ७४ तास ही सुधारणा ठरावी, यातच सर्व आले.

'निवासी' हा शब्द उगाच आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ऑस्लर व हालस्टेड यांनी ही पद्धती घडविली, तेव्हा शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहात आणि अहोरात्र हजर असत. त्यांपैकी हालस्टेड हे प्रथम कोकेनच्या व पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, हे आज सर्वश्रुत आहे. अशा पुरुषाने घालून दिलेला शिरस्ता आपण शास्त्रवचनासारखा पाळीत आहो.

त्याच देशात १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दगावली आणि थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. २००३ मध्ये तेथे देशभर ८० तासांची मर्यादा आली. याविषयी निवासी डॉक्टरांचे स्वतःचे मत काय? ते एकमुखी नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११७ शल्यशिक्षणक्रमांच्या पाहणीत सलग तासांची बंधने सैल केलेल्या गटाला रुग्णाची देखभाल अखंड राहिल्याचे समाधान अधिक होते. मात्र विश्रांती व खाजगी जीवन यांची ओढाताण झाल्याचेही त्यांनीच अधिक सांगितले. मृत्यू व गुंतागुंत यांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट २००४ च्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील उमेदवार डॉक्टरांनी जुन्या लांब पाळीत ३६ टक्के अधिक गंभीर चुका केल्याचे दिसले होते. ज्याला शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून जाणे जिवावर येते त्या तरुणाचे मन आम्हांस समजते, पण त्याच्या पापण्याही आम्हांस दिसतात.

पाळी बदलताना रुग्णाची माहिती गळते, हा आक्षेप खरा आहे. परंतु ती सांगण्याची रीत बांधून दिली असता काय होते, हेही २०१४ मध्ये ९ रुग्णालयांत पाहण्यात आले. चुका २३ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे दोष पाळीबदलाचा नसून बेशिस्त पाळीबदलाचा आहे.

खरा पेच मुदतीचा आहे. तास कमी केले तर वर्षे वाढवावी लागतील, असे ज्येष्ठ शल्यवैद्य बजावतात, आणि ब्रिटनचे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे. तेथे मर्यादा ४८ तासांची. पण पदवीनंतर पूर्ण शल्यविशारद होण्यास सुमारे १० वर्षे लागतात. आपल्याकडे एम. एस. तीन वर्षांत होते. मात्र आपला विद्यार्थी साडेपाच वर्षे एम. बी. बी. एस. मध्ये, काही काळ प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात, पुढे तीन वर्षे आणि अतिविशेष शाखा घेतल्यास आणखी तीन वर्षे घालवितो. बंधपत्रित सेवा वेगळीच. तिशी ओलांडल्यावरही जो विद्यार्थीच राहतो, त्याच्या माथी आणखी एक वर्ष मारणे आम्हांस मान्य नाही.

कारण त्याचे आजचे तास शिक्षणात जातात तरी कोठे? रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचविणे, अहवालांसाठी खेटे घालणे, ट्रॉली ढकलणे, कागद भरणे, चिडलेल्या नातलगांची समजूत घालणे, ही कामे कोणत्या पाठ्यक्रमात आहेत? रिक्त राहिलेल्या परिचारिका, तंत्रज्ञ व सेवक यांच्या पदांची भरपाई सरकार या तरुणांच्या झोपेतून करून घेते. ही हमाली वजा केली, तर ६० तासांतही आजच्याहून अधिक विद्या पदरी पडेल. शिक्षकी पेशात काही वर्षे काढलेल्या माणसास एवढे तरी ठाऊक असते की, शेवटच्या तासाला पेंगणाऱ्या मुलास शिकविलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवावे लागते!

शल्यविद्येसारख्या शाखेत तीन वर्षे खरोखरच अपुरी पडत असतील, तर पुढील वर्ष पदवी हाती दिल्यानंतर, पूर्ण वेतनावर व ज्येष्ठांच्या देखरेखीखाली असावे. पण ती गोष्ट मागाहूनची. प्रथम रिक्त पदे भरावीत, आणि मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक रुग्णालयांनी आपल्या निवासी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामाच्या तासांचे पत्रक दरमहा प्रसिद्ध करून शेजारी १९९२ चा आकडा छापावा. ते पत्रक छापण्यास आमच्या या पानावर जागा आहे.