चौकातील सेकंदांचा हिशेब

मोठ्या शहरांतील लाल-हिरवे दिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु हिरवा दिवा किती सेकंद ठेवावयाचा, हे कशावरून ठरवितात? ते अंदाजाने ठरवितात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हा गणिताचा विषय आहे, आणि शाळकरी मुलालाही समजेल इतका तो सोपा आहे.

इंग्लंडमधील वेब्स्टर या संशोधकाने १९५८ साली यासाठी एक सूत्र मांडले. रस्त्यावर येणारी वाहने, भागिले दिवा सतत हिरवा असता जाऊ शकणारी वाहने, हे त्या रस्त्याचे गुणोत्तर. दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून तीत ५ मिळवावेत. गुणोत्तरांची बेरीज १ मधून वजा करून, त्या बाकीने भागावे. उत्तर येते ते दिव्यांच्या एका फेरीचे सेकंद होत.

समजा, हमरस्त्याचे गुणोत्तर ०.३०, आडव्या रस्त्याचे ०.२० आणि वाया जाणारा वेळ १० सेकंद आहे. तर २० भागिले ०.५०, म्हणजे ४० सेकंदांची फेरी. उरलेले ३० सेकंद गुणोत्तरांच्या प्रमाणात वाटले, की १८ व १२ पडतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या वाढून गुणोत्तरे ०.४५ व ०.२५ झाली, तर फेरी सुमारे ६७ सेकंदांची होते. बेरीज १ वर पोचली, तर बाकी शून्य! मग दिव्यांचा इलाज चालत नाही; वळणरस्ताच काढावा लागतो.

एका चौकाचा हिशेब कागदावर होतो; ओळीने दहा चौक आले की संगणक हवा. जर्मनीतील 'सुमो' या मोफत संगणक-प्रणालीत प्रत्येक वाहन पडद्यावर स्वतंत्रपणे धावते. वेळ चुकली तर ती पडद्यावरच कळते, रस्त्यावर कोणास इजा होत नाही. आपल्या राज्याच्या राजधानीत, बेंगळुरूत, सी-डॅक या सरकारी संस्थेची 'कोसिकॉस्ट' प्रणाली अनेक चौकांत वाहनांची गर्दी पाहून दिव्यांची वेळ आपोआप बदलते.

मात्र यंत्राला आपण सांगू तेवढेच कळते. वरील उदाहरणात आडव्या रस्त्याला १२ सेकंद मिळाले. पादचाऱ्याने हमरस्ता ओलांडावयाचा तो याच वेळात. रस्ता १२ मीटर रुंद असेल, तर धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालून १० सेकंदांत पलीकडे जाईल. पण काठी टेकीत ०.८ मीटरने चालणाऱ्या आजीबाईंना १५ सेकंद लागतात. दिवा बदलेल तेव्हा त्यांच्यापुढे सुमारे अडीच मीटर रस्ता उरलेला असेल, आणि समोरून ट्रॅक्टर सुटलेला असेल. वाहनांचा हिशेब बरोबर, तरी माणसांचा चुकला! म्हणून आडव्या रस्त्याला किमान १५ सेकंद द्यावेत व हमरस्त्याची वेळ त्या मानाने वाढवावी.

तेव्हा गावात दिवे येवोत वा न येवोत, मोजणीची सवय आजच लावून घ्यावी. बाजारच्या दिवशी हायस्कुलातील चार मुलांनी तासभर चौकात, रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून वहीत नोंद करावी: दुचाकी, मोटारी, एस.टी., ट्रॅक्टर. आणि पहिला रकाना पायी चालणाऱ्यांचा ठेवावा.