पहाटे पाच वाजता तळ्यात काय चालतं?

कोकणात देवरूखच्या आसपास पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि वैशाखात कित्येक वाड्यांवर हंडे घेऊन माणसं उभी असतात. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. म्हणून बागेत तळं खणलं की तळाशी प्लास्टिकचा कागद येतो. त्यात रोहू-कटल्याचं बीज सोडायचं आणि मे महिन्यात मुंबईकर पोराबाळांनी काठावर गरी टाकून बसायचं, ही हौस कोणालाही वाटावी अशीच. पण या हौसेत खरी निगा राखावी लागते ती पाण्याची. आणि तळ्याचं पाणी दिवसभर एकसारखं राहत नाही.

एक लिटर हवेत सुमारे 280 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 30 अंश तापलेल्या एक लिटर पाण्यात हवेतून मुरून मुरून साडेसात मिलिग्रॅमच मुरतो. माशाचा सगळा संसार एवढ्यावर! दुपारी पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ उन्हावर काम करतं आणि हा आकडा दहा-बाराच्याही वर नेतं. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू खायला लागतं. मासेही खातात, तळाचा कुजका पालाही खातो. उजाडण्याआधी तळं सगळ्यात कंगाल असतं. पाच मिलिग्रॅमच्या खाली मासा मरगळतो, तीनच्या खाली त्याचे हाल सुरू होतात. मग तो वर येऊन तोंडं मारतो. काठावरच्या हौशी माणसाला वाटतं, बिचारे भुकेले आहेत, आणि तो कणकेच्या गोळ्या फेकतो. त्या न खाल्ल्या गेलेल्या गोळ्या कुजताना उरलासुरला प्राणवायूही जातो. गरवणाऱ्यांनी आमिष म्हणून टाकलेले पाव-पोहे हे तळ्याच्या दृष्टीनं खतच, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता जांभ्याची करामत. लाखो वर्षांच्या पावसानं या दगडातला चुना धुऊन नेला आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. लाल रंग त्या लोहाचा. त्यामुळे इथलं पाणी मऊ, त्यात विरघळलेला चुना कमी. कागद घातलेल्या तळ्यात तर निव्वळ पावसाचंच पाणी. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तसा पाण्याचा सामू (pH) वर चढतो, रात्री खाली येतो. चुना हा चढउतार आवरून धरतो. तो नसला तर पहाटे सात असलेला सामू दुपारी नऊच्या पुढे जाऊ शकतो. एवढ्यानं काय बिघडतं? माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. 25 अंशांना, सामू सात असताना त्यातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. सामू नऊ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त विषारी होतो. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, फक्त घड्याळ पुढे सरकलेलं! मला तरी या सगळ्या प्रकरणात यापेक्षा अचंबित करणारं काही सापडलेलं नाही.

उपाय स्वस्त आहे: चुनखडीची भुकटी. कोकणात एके काळी शिंपले भाजून चुना करत; न भाजलेल्या शिंपल्यांची पूड म्हणजे मुख्यतः तीच चुनखडी. मासे असलेल्या तळ्यात कळीचा चुना मात्र टाकू नये. त्यानं सामू एकदम उसळतो.

सर्वांत मोठा दगा देतो तो वळीव. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी सायीसारखं वरच तरंगत राहतं आणि खालच्या थराला हवा मिळत नाही. 29 अंशांचं पाणी 30 वर गेलं की जेवढं हलकं होतं, ते पाच अंशांचं पाणी सहावर गेल्यावर होतं त्याच्या दहापटीहून जास्त. म्हणूनच आपल्याकडच्या खोल तळ्यात हे थर पक्के बसतात. मग मे अखेर सोसाट्याच्या वाऱ्यासह गार पाऊस येतो, थर मोडतात, आणि तळातलं प्राणवायूविना कुजलेलं पाणी सगळीकडे मिसळतं. सकाळी मासे उताणे तरंगतात आणि वाडीत विषप्रयोगाची कुजबुज सुरू होते.

हे आधी कळावं म्हणून फार यंत्रं लागत नाहीत. इटलीतले धर्मगुरू-खगोलज्ञ आंजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये भूमध्य समुद्रात तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तळ्यात शेवाळ किती वाढलंय तेही पारदर्शकतेवरूनच कळतं, आणि आपलं काम हातानं भागतं. कोपरापर्यंत हात बुडवा. पाणी हिरवट असावं आणि तळवा जेमतेम दिसावा. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर शेवाळ अति झालंय: खाद्य आणि खत म्हणून टाकायचं शेण थांबवा. तळवा लख्ख दिसत असेल तर पाणी उपाशी आहे.

मुंबईचा पवई तलाव हे गरवणाऱ्या शौकिनांचं जुनं ठिकाण. तिथं सांडपाणी आणि जलपर्णीनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. देवरूखच्या एका बागेतलं तळं सांभाळणं त्यामानानं सोपं. पहिला वळीव झाल्यावर दोन दिवस मात्र गरी टाकू नका, खाद्यही देऊ नका, आणि पंप असेल तर रात्रभर पाणी उडवत ठेवा.