खिशातील गणकयंत्रे : जुनी आणि नवी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संग्रह म्हटला म्हणजे जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे किंवा आगपेट्यांवरील चित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु रोजच्या वापरातील साध्या वस्तूही जपून ठेवल्या, तर त्या आपल्या काळाबद्दल पुष्कळ काही सांगतात. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तो राजा दिनकर केळकर संग्रहालय या नावाने प्रसिद्ध आहे. माझा संग्रह त्यापुढे काहीच नाही. एका पत्र्याच्या पेटीत पाच गणकयंत्रे आहेत, म्हणजे ज्यांना आपण सारे कॅल्क्युलेटर म्हणतो ती. सहावे म्हणून मोबाइल धरावा.

हा संग्रह मी छंद म्हणून सुरू केला नाही. तो एका भांडणातून सुरू झाला.

आमच्या आईच्या बचत गटात सभासदांना महिना शेकडा दोन रुपये व्याजाने कर्ज मिळते. पाच हजारांचे कर्ज असलेल्या एका बाईच्या नावावर महिन्याअखेरीस ५१०२ रुपये लिहिलेले होते. तिच्या मुलाने मोबाइलवर हिशोब केला, तो ५१०० आला. गटाच्या सचिव असलेल्या काकू म्हणाल्या, “मशीन दाखवते तेच मी लिहिते.” त्यांनी सर्वांसमोर आपल्या कॅल्क्युलेटरवर पाच हजार, अधिक, दोन, टक्के अशी बटणे दाबली. पुन्हा ५१०२ आणि वर काही पैसेच आले. मोबाइलवर तीच बटणे दाबली, तर ५१००. खरे उत्तर ५१०० हे सर्वांनाच कळत होते. प्रश्न असा होता की वरचे दोन रुपये कोठून आले? तसल्या दहा कर्जांवर महिन्याला वीस रुपये आणि वर्षाला दोनशे चाळीस रुपये होतात. “मशीन काय खोटं बोलती का?” असे कोणीतरी म्हणाले. मशीन खोटे बोलत नाही, तर माणूसच बोलत असला पाहिजे, असा त्याचा अर्थ झाला. कॉलेजात जाणारी म्हणून मला विचारले गेले. मला काहीच सांगता आले नाही.

घरी आल्यावर आजोबांनी विचारले, “किती आलं?” मी दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, “बाई, शेकड्याला दोन, हजाराला वीस, पाच हजाराला शंभर. ह्याला मशीन कशाला?” आजोबा मोंढ्यात मापाडी होते. लिहिणे-वाचणे बेताचे, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी त्यांना आजही तोंडपाठ आहेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आपल्या पिढीला हे पाढे चमत्कारिक वाटतात, पण त्यांच्यामागे कारण होते. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. पाव, अर्धा, पाऊण यांवाचून एकही व्यवहार पुरा होत नसे. मराठवाड्यात तर त्यातही भर होती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि कलदार शंभर रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै असा भाव धरला जाई. म्हणजे सहाला सात हे प्रमाण. हा हिशोब करणारी माणसे शाळेत गेलेली असोत वा नसोत, डोक्याने मात्र तयार असत.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व लिटर आले. ही गोष्ट आपण नाण्यांच्या संदर्भात वाचतो, पण कॅल्क्युलेटरच्या इतिहासातही तिला महत्त्वाचे स्थान आहे. साधा कॅल्क्युलेटर फक्त दशमान पद्धत जाणतो. आणे-पै आणि शेर-मण टिकून राहिले असते, तर तो आपल्या आडत दुकानात फारसा उपयोगी पडला नसता. इंग्लंडने शिलिंग आणि जुने पेन्स सोडून दशमान चलन स्वीकारले ते १९७१ साली. योगायोग असा की खऱ्या अर्थाने खिशात मावणारा पहिला इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरही त्याच वर्षी बाजारात आला.

त्याआधी खिशात मावणारे यंत्र नव्हतेच असे नाही. कुर्ट हर्झश्टार्क नावाच्या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाने ‘कुर्टा’ नावाचे लहान डब्यासारखे यंत्र तयार केले. हिटलरच्या राजवटीत तो बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैदी होता आणि तेथेच त्याने या यंत्राचे आराखडे पुरे केले. १९४८ पासून लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात त्याचे उत्पादन सुरू झाले. वरची लहान मूठ फिरवली की बेरीज होई. तीच मूठ थोडी वर ओढून फिरवली की वजाबाकी. त्यात ना सेल, ना वीज. अशी सुमारे १,४०,००० यंत्रे तयार झाली आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात.

इलेक्ट्रॉनिक यंत्राचा पहिला नमुना अमेरिकेतील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली तयार केला. १९७१ साली जपानच्या बिझिकॉम कंपनीने ‘हँडी’ हा कॅल्क्युलेटर आणला. त्याची मुख्य गणिते करणारा सारा भाग एकाच चिपमध्ये बसवलेला होता. पुढील वर्षी ह्यूलेट-पॅकार्डचा ‘एचपी-३५’ आला. त्याला ३५ बटणे होती म्हणून हे नाव. किंमत ३९५ डॉलर. त्रिकोणमितीची आणि लॉगरिदमची उत्तरे तो क्षणात देई. त्यामुळे इंजिनियर लोकांच्या हातातील सरकपट्टी काही वर्षांतच नाहीशी झाली. त्याच १९७२ साली जपानमध्ये ‘कॅसिओ मिनी’ अवघ्या १२,८०० येनला विकला जाऊ लागला. पडद्यावर आकडे सहाच, पण किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातील. महागडी वस्तू घरोघर जाण्याची सुरुवात येथून झाली, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आता माझ्या पेटीकडे वळू. सर्वांत जुने यंत्र एका निवृत्त शिक्षकांनी दिले. त्याचे आकडे लाल रंगात उजळतात. आठ या आकड्याच्या सात रेघा असतात; त्यांपैकी हव्या तेवढ्या उजळल्या की शून्यापासून नऊपर्यंत कोणताही अंक तयार होतो. जुन्या यंत्रात या रेघा म्हणजे प्रकाश देणारे बारीक डायोड आहेत. ते इतके लहान की वर भिंगासारखे प्लॅस्टिक बसवावे लागते. प्रकाश द्यायचा म्हणजे वीज खर्च होणार. त्यामुळे सेल लवकर उतरतात आणि उन्हात आकडे दिसतही नाहीत. १९७३ साली शार्प कंपनीने द्रव स्फटिकांचा पडदा असलेला ‘ईएल-८०५’ आणला. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. विजेचा लहानसा दाब मिळताच ते पडद्यातून जाणाऱ्या प्रकाशाला अडवतात आणि तेवढा भाग काळा दिसतो. खर्च इतका कमी की तो कॅल्क्युलेटर एका सेलवर सुमारे शंभर तास चाले. पुढे विजेची गरज आणखी घटली आणि सूर्यप्रकाशावरील लहान पट्टीसुद्धा पुरेशी ठरली. १९८३ साली तर कॅसिओने फक्त ०.८ मिलिमीटर जाडीचा, कार्डासारखा कॅल्क्युलेटर काढला.

संग्रहातील दुसरे यंत्र असे द्रव स्फटिकांचे, आठ आकडी. तिसरे कार्डासारखे पातळ. चौथे आडत दुकानात असते तसे बारा आकडी, मोठ्या बटणांचे. पाचवे विज्ञान शाखेच्या मैत्रिणीने दिलेले वैज्ञानिक गणिताचे. या पाचही यंत्रांना आणि मोबाइलला मी तेच तेच प्रश्न विचारले व उत्तरे वहीत मांडली.

पहिला प्रश्न : एकाला तीनने भागा आणि पुन्हा तीनने गुणा. उत्तर एक यायला हवे. जुन्या लाल आकड्यांच्या यंत्रावर ०.९९९९९९९ आले. कारण ०.३३३३३३३ एवढेच त्याच्याजवळ होते. पुढचे तीन त्याने टाकून दिले. नव्या यंत्रांपैकी काही पडद्यावर दिसतात त्याहून अधिक आकडे आत राखून ठेवतात, म्हणून ती एक दाखवतात.

दुसरा प्रश्न : दोन अधिक तीन गुणिले चार. दुकानी यंत्रांनी २० सांगितले. वैज्ञानिक यंत्राने आणि मोबाइलने १४. दुकानी यंत्र जसजशी बटणे दाबावीत तसतसा हिशोब करत जाते : आधी पाच, मग त्याची चौपट. वैज्ञानिक यंत्र शाळेतील नियम पाळते : आधी गुणाकार, मग बेरीज. दोन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत.

तिसरा प्रश्न भांडणाचा : शंभर अधिक दहा टक्के. येथे तीन उत्तरे मिळाली. मोबाइलवर ११०. वैज्ञानिक यंत्रावर १००.१, कारण त्याच्या दृष्टीने दहा टक्के म्हणजे फक्त ०.१ ही संख्या. आणि एका दुकानी यंत्रावर १११.११!

हे शेवटचे उत्तर मला अनेक दिवस उलगडले नाही. अखेर वाणिज्य विभागातील सरांनी ते समजावून दिले. दुकानदाराचा प्रश्न वेगळा असतो. शंभर रुपयांची वस्तू आहे आणि विक्रीच्या किमतीवर दहा टक्के नफा सुटायला हवा, तर किंमत किती ठेवावी? ११० ठेवली तर दहा रुपये नफा हा ११० च्या दहा टक्क्यांहून कमी पडतो. म्हणून शंभराला ०.९० ने भागायचे. उत्तर १११.११. त्याचे दहा टक्के ११.११, आणि उरतात बरोबर शंभर. काही यंत्रांतील ‘अधिक’ व ‘टक्के’ या बटणांची जोडी याच हिशोबासाठी बनवलेली असते. काकूंच्या यंत्राने पाच हजाराला ०.९८ ने भागले होते : ५१०२.०४०८. त्यांनी पैसे सोडून ५१०२ लिहिले. त्या खोटे बोलत नव्हत्या, आणि यंत्रही बिघडलेले नव्हते. त्याला व्यापाऱ्याचा प्रश्न समजला आणि बायकांचा प्रश्न व्याजाचा होता.

यावर उपाय सोपा आहे आणि तो सहाही यंत्रांवर चालतो. पाच हजार गुणिले दोन टक्के असे करावे. व्याज शंभर येते. ते वेगळे लिहावे आणि मग मुद्दलात मिळवावे. एका झटक्यात बेरीज करू नये.

चुकीचा धनी नेहमी यंत्र वापरणाराच असतो असेही नाही. पहिल्या एचपी-३५ यंत्रांपैकी काहींमध्ये २.०२ या संख्येचा लॉगरिदम काढून तो पुन्हा उलटवला, तर २.०२ ऐवजी २ एवढेच उत्तर येई. ३९५ डॉलरचे, जगातील नामांकित कंपनीचे यंत्र! तशी सदोष यंत्रे आज संग्राहक मुद्दाम शोधून घेतात.

मग आजोबांचे पाढेच बरे होते काय? मला तसे वाटत नाही. चक्रवाढ व्याज किंवा वर्गमूळ औटकीने निघत नाही. शिवाय तोंडी हिशोबात एक मोठी उणीव होती. तो करणाऱ्याच्या डोक्यातच राहत असे. ज्याला येत नसे त्याने मान डोलवायची. आज मोंढ्यात आडत्या कापसाची किंवा सोयाबीनची पट्टी करताना कॅल्क्युलेटर शेतकऱ्याकडे वळवतो आणि आकडा दोघांना दिसतो. हमाली किती, तोलाई किती, हे विचारता येते. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पडद्यावरचा आकडा दिसणे आणि तो कोठून आला हे कळणे, यांत अंतर आहे. ते अंतर तोंडी अंदाजानेच भरून निघते. पाच हजाराला शंभर हे आधी मनात असेल, तर ५१०२ पाहताच माणूस थांबतो.

मी ही सर्व आकडेमोड वहीत मांडून गटाच्या पुढील बैठकीत दाखवली. आईने प्रत्येकीच्या हातात ती यंत्रे देऊन बटणे दाबायला लावली. सर्वांना पटले. जास्तीचे रुपये पुढच्या हप्त्यातून वळते झाले. आता गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर व्याज काढण्याची रीत लिहिलेली आहे.

काकूंनी मात्र त्याआधीच सचिवपद सोडले होते. “पुन्हा घ्या,” असे सर्वजणी म्हणाल्या, पण त्यांनी घेतले नाही. आपले कॅल्क्युलेटर त्यांनी मला देऊन टाकले. माझ्या पेटीतील चौथे यंत्र ते हेच.